मेंढी आणि माळ एकत्र शिकताना: कुरण-पशुधन संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

आपल्याकडे गवत एका विभागात शिकवलं जातं आणि ते खाणारं जनावर दुसऱ्या विभागात. कृषी विद्यापीठाच्या कृषिविद्या विभागात गेलात तर लसूणघास, मका, संकरित नेपिअर अशी पाण्यावरची चारा पिकं भेटतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर भेटतं, पण ते गोठ्यात बांधलेलं, पुढ्यात तोलून टाकलेलं खाणारं. माळावरच्या गवताची नोंद ठेवतात ती बहुतेक करून जैवविविधता आणि वन्यजीव शिकणारी मंडळी, आणि त्यांच्या वहीत मेंढरं येतात ती ‘चराईचा दाब’ या रकान्यापुरती. मेंढी, गवत आणि मेंढपाळ हे तिघं जिथे रोज एकत्र असतात त्या माळाचा स्वतंत्र विभाग मला तरी आपल्या कुठल्या विद्यापीठात दिसलेला नाही.

त्यामुळे या विषयात येणाऱ्याला ही सांधेजोड स्वतःच करावी लागते. कुठल्या पदवीतून शिरायचं, प्रबंधाच्या सल्लागार समितीत कोणाला घ्यायचं, माळावर काय मोजायचं, वाड्यावर म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर कसं वागायचं, सगळं त्याच एका गोष्टीभोवती फिरतं. हा लेख पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या दख्खनी पट्ट्याला धरून लिहिला आहे. मराठवाड्यात लाल कंधारी-देवणी गाईंवर किंवा नाशिकच्या आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात डांगी गाईंवर काम करणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: प्रवेशअर्जाच्या आधी माळ बघा

दख्खनचा हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर, जमीन उथळ आणि मुरमाड. इथे गवत आहे ते जंगल तुटलं म्हणून उरलेलं, असा समज अजून पाठ्यपुस्तकांतही सापडतो. प्रत्यक्षात इथली हवा, माती, चराई आणि वणवा यांनी मिळून हा माळ घडवला आहे आणि त्याचे स्वतःचे प्राणी-पक्षी आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ साली झाली ती याच गवतात राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी. तरीही सरकारी नोंदीत माळ बऱ्याचदा ‘पडीक’ असतो. पडीक म्हटलं की तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावायला मोकळीक मिळते. झाडं लावणं हे पुण्याचं काम, पण जिथे मारवेल आणि पवना उभा आहे तिथे ते चराऊ रान बुजवणं ठरतं. या विषयात यायचं तर ही गोष्ट आधी स्वतःला पटलेली हवी, कारण पुढे तुमचा संशोधन आराखडा वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ती पटवून द्यावी लागते.

भारताच्या गवताळ भागांचे पाच मुख्य प्रकार मानले जातात. आपला दख्खन त्यातल्या सेहिमा-डायकँथियम, म्हणजे शेडा-मारवेलच्या, प्रकारात येतो. सुरुवातीला पाचच गवतं नीट ओळखायला शिका: मारवेल, शेडा, पवना, डोंगरी आणि कुसळी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत तुऱ्यावर येतं, तेव्हाच ओळख पक्की होते. जुलैतल्या नुसत्या पात्यावरून नाव सांगणारा माणूस एक तर फार मुरलेला असतो, नाही तर अंदाज करत असतो. नमुना दाबून वाळवा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात जाऊन ताडून पहा. दक्षिणेकडच्यांना कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ. गवतांवर तिथे बरंच काम झालं आहे.

कुसळीकडे जरा जास्त लक्ष द्या. कोवळी असताना मेंढरं ती आवडीने खातात. बी धरलं की तिच्या लांब पिळदार कुसळाला सुईसारखं टोक येतं. ते लोकरीत घुसतं, ओलाव्याने पिळ उलगडत कातडीत शिरतं, तोंडात जखमा करतं. एकच गवत ऑगस्टमध्ये चारा आणि नोव्हेंबरमध्ये त्रास. ज्या माळावर शेडा-मारवेल मागे हटून कुसळी पसरली आहे, तिथे चराईची वेळ किंवा प्रमाण कुठेतरी बिघडलेलं असण्याची शक्यता असते. आणखी बिघडलं की एकवर्षायू बारीक गवतं येतात. हा क्रम डोळ्यांत बसला की कुठलाही माळ थोडाफार वाचता येऊ लागतो.

दुसरी पायरी: दार निवडा

बारावीनंतर दोन सरळ रस्ते आहेत. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश ‘नीट’वर. राज्यात तो महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर, मुंबई, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या महाविद्यालयांत आहे. माळावरच्या कामासाठी शिरवळ सोयीचं, कारण फलटण, लोणंद, खंडाळा हा मेंढपाळांचा पट्टा हाताशी आहे. दुसरा रस्ता बी.एस्सी. कृषीचा, चार वर्षांचा, राज्याच्या सीईटीमधून. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीला गवतांच्या आणि चारा पिकांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे, शिवाय दख्खनी मेंढीवरही तिथे काम चालतं. गवत आणि मेंढी एकाच आवारात सापडण्याची ही दुर्मिळ जागा.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. एम.व्ही.एस्सी.ला फक्त पशुवैद्यक पदवीधर जाऊ शकतात. कृषी पदवीधराला जनावरांकडे वळायचं तर एम.एस्सी. कृषीमधला पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र हा विषय आहे. त्यासाठी राज्याची सीईटी किंवा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल शिकलेल्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, आणि पर्यावरणशास्त्रातून आलेले विद्यार्थी माळावर उत्तम काम करताना दिसतात. त्यांना पशुपोषणाची बाजू मात्र वेगळी भरून काढावी लागते.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातला ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, अनेक जण हजेरी लावून उरकतात. तसं करू नका. गाव निवडायची संधी मिळाली तर गायरान असलेलं गाव मागा. पुढच्या प्रबंधाचा प्रश्न तिथेच सापडू शकतो.

परदेशाविषयी थोडक्यात. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन, जर्मनीतलं होहेनहाइम, न्यूझीलंडमधली मॅसी आणि लिंकन ही विद्यापीठं या विषयात नावाजलेली आहेत. पद्धती शिकायला जरूर जा. पण तिथली कुरणं बहुतेक रायग्रास आणि क्लोव्हरची, पावसाची फारशी तूट नसलेली. आठ महिने कोरड्या असणाऱ्या आपल्या माळाला तिथली आकडेमोड जशीच्या तशी लावली तर उत्तरं चुकतात.

तिसरी पायरी: मार्गदर्शक एक, पण समिती मिश्र

मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव ‘कृषिकोश’ आणि ‘शोधगंगा’ या दोन्ही संकेतस्थळांवर शोधा. विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. तीन-चार प्रबंध चाळले की कळतं: या सरांचे विद्यार्थी शेतावर जातात की फक्त विद्यापीठाच्या गोठ्यात काम करतात, प्रबंध वेळेत पूर्ण होतात का, प्रश्न दरवर्षी तोच असतो का. पहिल्या भेटीला जाताना त्यांच्या विद्यार्थ्याचा एक तरी प्रबंध वाचून जा आणि त्यातली एक शंका विचारा. शिफारसपत्रापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मग समिती. मार्गदर्शक पशुपोषणाचे असतील तर एक सदस्य गवत जाणणारा हवाच, आणि उलटही. संख्याशास्त्राचा सदस्य नावापुरता ठेवू नका, आराखडा कागदावर असतानाच त्यांच्याकडे जा. बाहेरच्या संस्थांचाही विचार करा. झांशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था १९६२ पासून काम करते आहे, तिचं धारवाडचं प्रादेशिक केंद्र दक्षिण महाराष्ट्राला जवळचं आहे. मेंढ्यांसाठी राजस्थानात अविकानगरची केंद्रीय संस्था आहे. उरुळी कांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी सुरू केलेली ‘बाएफ’ चारा पिकांवर काम करते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम तर प्रत्येकाने समजून घ्यावं. बंगालच्या गरोल मेंढीतलं जुळं देणारं जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळी कोकरं म्हणजे मेंढपाळाला जास्त उत्पन्न, हे सरळ आहे. पण दोन कोकरांना पाजणाऱ्या मेंढीला चाराही जास्त लागतो, आणि तो कोणत्या महिन्यात, कुठल्या माळावर, किती मिळतो? हा प्रश्न आनुवंशिकीचा आहे की गवताचा? दोन्हींचा. या विषयातले चांगले प्रश्न असेच दोन विभागांच्या मध्ये पडलेले असतात.

चौथी पायरी: प्रश्न गवताच्या पंचांगात बसवा

पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिली दोन सत्रं वर्गात जातात, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि विद्यार्थी मोकळा होतो तेव्हा बहुधा दिवाळी उलटलेली असते. गवताचं वर्ष मात्र मृगाच्या पावसाने सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये जवळजवळ संपतं. याचा अर्थ तुमच्या हातात पूर्ण पावसाळा एकच असतो. तो चुकला तर प्रबंधात वाळलेल्या गवताचेच आकडे उरतात. म्हणून मार्चपर्यंत जागा, एप्रिलपर्यंत परवानग्या आणि मे संपायच्या आत माळावरच्या खुणा, हे वेळापत्रक पक्कं धरा. सिनॉप्सिस अडकला असेल तर मार्गदर्शकांना विचारून निदान जागेची पूर्वपाहणी सुरू करा.

प्रश्न लहान ठेवा. ‘शाश्वत पशुपालनाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘दिवाळीनंतर माळावर राहिलेल्या आणि कोकणात गेलेल्या मेंढ्यांच्या वजनात मेपर्यंत काय फरक पडतो?’ हा प्रश्न. ‘दोन पावसाळी महिने राखलेल्या गायरानात मारवेलचं प्रमाण वाढतं का?’ हाही.

दोन विषय नव्या विद्यार्थ्यांना फार ओढतात, त्यांच्याबद्दल सावध करतो. एक, मातीतला कार्बन. चराईच्या बदलाने मातीतल्या कार्बनमध्ये पडणारा फरक दोन वर्षांत सहसा इतका बारीक असतो की नमुन्यांच्या चढउतारात तो हरवून जातो. जुनं राखीव कुरण आणि शेजारचं उघडं गायरान अशी तुलना करता येते, पण दोन्हीकडची माती आणि उतार सारखे आहेत हे आधी दाखवावं लागेल. दोन, मिथेन. चरणाऱ्या मेंढीचा मिथेन मोजणं हे मोठ्या निधीचं काम. त्याऐवजी वेगवेगळ्या महिन्यांतलं गवत कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या) द्रवात घालून चोवीस तासांत किती वायू तयार होतो हे प्रयोगशाळेत मोजता येतं. ते एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे आणि त्यातून गवताच्या पचनीयतेविषयीही कळतं.

पाचवी पायरी: परवानग्या

गायरानासाठी ग्रामपंचायतीचं पत्र, वनजमिनीसाठी उपवनसंरक्षकांची परवानगी, अभयारण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जाणारा अर्ज. शेवटच्याला महिने लागतात. जनावरांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. तुम्ही मेंढ्यांना फक्त तोलणार असाल, चरताना पाहणार असाल, तरीही समितीला आधीच लेखी विचारून उत्तर फाइलला लावा, कारण शोधनिबंध छापताना नियतकालिकं ते मागतात आणि मागाहून मंजुरी मिळत नसते.

सहावी पायरी: माळावर मोजायचं कसं

सामान साधं आहे. पीव्हीसी नळीची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, धारदार विळा, कागदी पिशव्या, काटा, मोजपट्टी, पेन्सिल. शाईपेन नको, पहिल्या सरीत पान धुऊन निघतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं गवत घामेजतं आणि बुरशी धरते, म्हणून कागदी पिशवीच. ओलं वजन जागेवरच करा, गाडीने महाविद्यालयात पोचेपर्यंत बरंच पाणी उडालेलं असतं.

मेंढरं चरतात त्या माळावर ऑक्टोबरमध्ये चौकट टाकली तर तुम्हाला उरलेलं गवत मिळतं, उगवलेलं मिळत नाही. त्यासाठी पावसाआधी जाळीचे पिंजरे ठोकून ठेवावे लागतात, म्हणजे आतल्या तुकड्याला तोंड लागत नाही. आतलं आणि बाहेरचं यातला फरक म्हणजे ढोबळमानाने खाल्लेलं गवत. उघड्या माळावर लोखंडी खुंट्या टिकत नाहीत, लोक काढून नेतात. कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले दगड पुरा, जीपीएसची नोंद ठेवा आणि पिंजरे लागतील त्यापेक्षा थोडे जास्तच लावा. रोज त्या बाजूने जाणाऱ्या मेंढक्याला पिंजरा कशासाठी आहे हे सांगितलंत, तर तोच त्याची राखण करतो.

कापलेलं गवत गरम हवेच्या भट्टीत ६० ते ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. प्रथिनं आणि तंतू तपासायचे असतील तर तापमान याहून वाढवू नका.

आता एक हिशोब सावकाश पाहू, कारण याच हिशोबावरून मेंढपाळांना बोल लावला जातो. समजा पिंजऱ्यांमधून सरासरी एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वाळलेलं गवत मिळालं. एका हेक्टरला ते १,५०० किलो होतं. निम्मं गवत मुळं, बी आणि माती यांच्यासाठी सोडायचं ठरवलं तर मेंढ्यांच्या वाट्याला ७५० किलो येतं. ३० किलोची मेंढी वजनाच्या ३ टक्के, म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ खाते असं धरू. वर्षाला सुमारे ३२८ किलो झाले. ७५० ला ३२८ ने भागा: हेक्टरी जेमतेम सव्वादोन मेंढ्या. त्या माळावर पावसाळ्यात सात मेंढ्या दिसल्या की अहवालात ‘क्षमतेच्या तिप्पट चराई’ असं लिहून मोकळं होता येतं.

पण तो वाडा तिथे चारच महिने असतो. दिवाळीनंतर तो घाट उतरून कोकणात जातो, वाटेत शेतात बसतो, पुढचा पाऊस तोंडावर आला की परत येतो. १२० दिवसांचे एका मेंढीचे १०८ किलो. आता ७५० ला १०८ ने भागा, उत्तर सातच्या जवळ येतं. गवत तेच, मेंढरं तीच, फक्त वर्षाऐवजी मुक्कामाचे दिवस धरले. अर्थात गवत वाढत असतानाच चरलं तर परिणाम वेगळा होतो, दोन कळप एकाच माळावर आले तर वेगळा, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी सगळंच वेगळं. म्हणूनच ‘इथे किती दिवस, कोणत्या महिन्यात?’ हा रकाना तुमच्या प्रत्येक तक्त्यात असायला हवा. जनावराचं चालणं ज्या हिशोबात नाही तो हिशोब माळाचा असू शकत नाही.

चालण्याला पोषणाचीही बाजू आहे. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात प्रथिनं बरी असतात, उन्हाळ्यात उभं वाळलेलं गवत ३-४ टक्क्यांवर येऊ शकतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात, पचन मंदावतं आणि समोर गवत असूनही मेंढी कमी खाते. मेंढपाळ तेव्हा काढणी झालेल्या रानात शिरतो, बाभळीच्या शेंगा पाडतो, झाडपाला तोडतो. तुमच्या नमुन्यांत फक्त गवत असेल तर मेंढीच्या आहाराचा हा सगळा भाग निसटेल. दिवसभर कळपामागे चाला, ठरावीक अंतराने एका मेंढीकडे पाहून ती काय खाते ते लिहा. शेंगा, पाला, पिकाचे धसकट, सगळं.

जिथे वजनकाटा नेता येत नाही तिथे गाईम्हशींचं वजन फितीने काढतात: छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं, की किलोत अंदाज मिळतो. मेंढीला मात्र लोकर फसवते. तिला झोळीत घालून टांगत्या काट्यावरच तोला, आणि कातरणी कधी झाली ते लिहून ठेवा.

सातवी पायरी: वाड्यावर

वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा तळ: मेंढरं, घोडी, कुत्री, कोकरं, बिऱ्हाड. तिथे जायची वेळ सकाळची, मेंढरं रानात सुटायच्या आधी, किंवा संध्याकाळी ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आल्यावर. दुपारी जाऊन ‘कोणी भेटलं नाही’ असं लिहिणारे विद्यार्थी कमी नाहीत.

पहिल्याच भेटीत ‘एकूण मेंढ्या किती?’ हा प्रश्न काढू नका. मेंढरांची मोजणी बऱ्याच ठिकाणी बोलून दाखवत नाहीत, शिवाय अनोळखी माणूस वही घेऊन आकडा विचारतो तेव्हा तो सरकारी वाटतो. उत्पन्नाचंही तसंच. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ याला कोणाकडेच उत्तर नसतं. ‘मामा, यंदा लोणंदच्या बाजारात किती कोकरं नेली?’ याला असतं. ‘शेतात मेंढरं बसवली तेव्हा रात्रीचं काय ठरलं होतं, पैसे की धान्य?’ यालाही असतं, आणि त्यातून लेंडीखताचं मोल आपोआप समजतं. ज्या प्रश्नावलीत लेंडीखताचा रकाना नाही तिच्यात मेंढपाळाच्या कमाईचा एक मोठा भागच नाही.

बायकांशी बोला. कोकरांची निगा, आजारी जनावराला काय द्यायचं, कोणती मेंढी दुधाला कमी, हे बऱ्याच वाड्यांत त्यांच्याकडे असतं. विचारायला मुलगी असेल तर एखादी मावशी मोकळेपणाने तासभर बोलते. मुलगा असेल तर आधी घरच्या कर्त्या माणसाशी ओळख होऊ द्या.

आणि बोललेलं जसंच्या तसं लिहा. ‘यंदा लौकर का निघालात, मामा?’ असं विचारल्यावर उत्तर येतं, ‘‘गवात हाय की, पर समदं कुसाळ झालंया. मेंढरू तोंड लावत न्हाय.’’ प्रश्नावलीत याचं ‘चाऱ्याची कमतरता’ असं भाषांतर केलंत तर माहिती हरवली. चारा होता, पण तो खाण्याजोगा राहिला नव्हता. या एका वाक्यात तुम्ही प्रयोगशाळेत शोधत असलेली पचनीयतेची तारीख आहे.

उपकाराची परतफेडही करा. पीपीआर, आंत्रविषार यांच्या लसीकरणाचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळवून वाड्याला सांगणं, आजारी मेंढीसाठी डॉक्टरांना फोन लावून देणं एवढं कोणालाही जमतं. चराईच्या परवान्याचं किंवा नुकसानभरपाईचं आश्वासन मात्र देऊ नका. ते तुमच्या हातात नसतं.

आठवी पायरी: आकडे मांडताना

सर्वांत जास्त प्रबंध एकाच ठिकाणी अडकतात. एका राखीव कुरणात वीस चौकटी आणि एका उघड्या माळावर वीस चौकटी टाकल्या, तर विद्यार्थ्याला वाटतं पुनरावृत्ती वीस झाल्या. झाली ती एकच. राखणीचा परिणाम तपासायचा असेल तर राखलेली आणि न राखलेली अशी अनेक वेगवेगळी रानं हवीत. एका कळपातल्या तीस मेंढ्यांचंही तेच, त्या एकाच मेंढपाळाच्या निर्णयांवर चालतात. म्हणून चौकटी कमी करा आणि जागा वाढवा. श्रम तेवढेच पडतात, पण निष्कर्ष उभा राहतो. एवढ्याचसाठी मी वर संख्याशास्त्राच्या सदस्याकडे आधी जायला सांगितलं.

आसपासचे मोठे आकडे वापरताना वर्ष बघा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ५३.५८ कोटी पशुधन नोंदलं गेलं. एकविसाव्या गणनेला ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात झाली आणि तीत भटक्या पशुपालकांची माहिती प्रथमच वेगळी घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे, त्यामुळे या विषयाकडे जरा जास्त लक्ष आहे. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख जरूर करा, पण आपल्या माळाचे आकडे त्याच्या आड लपवू नका.

पैसा आणि जीव

पीएच.डी.साठी यूजीसी, सीएसआयआर आणि कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिछात्रवृत्त्या आहेतच. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योतीही देतात. धनगर समाजातल्या मुलामुलींनी महाज्योतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. वाड्यावर वाढलेली मुलगी गवतावर पीएच.डी. करायला आली तर आमच्यासारख्यांना जे शिकायला वर्षं लागतात ते ती घरून घेऊन येते, आणि तशा विद्यार्थ्यांची या विषयाला फार गरज आहे.

माळावर फुरसं असतं. ते लहान, मातीच्या रंगाचं आणि विषारी. घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवीच, दगड उचलताना हात आधी घालू नका. कळपातल्या कुत्र्यांमुळे रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. गाभडलेल्या मेंढीला किंवा वारेला उघड्या हाताने शिवू नका, ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि तो ताप महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. कच्चं दूध प्रेमाने दिलं तरी ‘मावशी, उकळून द्या’ असं सांगा, कोणी वाईट मानत नाही.

शेवटची पायरी: प्लॉट पुढच्याच्या हवाली करा

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला एका गवताळ शेतावर १८५६ साली सुरू झालेला प्रयोग आजही चालू आहे. खतं बदलली की गवतांच्या जाती कशा बदलत जातात हे त्यातून दीडशेहून अधिक वर्षं दिसतं आहे. आपल्याकडे मात्र प्रबंध जमा झाला की पिंजरे गंजतात आणि पुढचा विद्यार्थी दुसऱ्या तालुक्यात नव्याने सुरुवात करतो. दोन वर्षांत एखादा पाऊस चांगला, एखादा वाईट. एवढ्यावर माळाबद्दल काही ठामपणे सांगणं अवघड असतं. तेच प्लॉट पाच विद्यार्थ्यांनी पाठोपाठ चालवले तर दहा वर्षांची नोंद होते, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

तेव्हा तोंडी परीक्षेच्या आधीच एक फाइल तयार करा. प्रत्येक चौकटीचं जीपीएस स्थान, चारही दिशांनी काढलेले फोटो, कापणीच्या तारखा, कापणीची उंची, मूळ आकडे एक्सेलमध्ये, गवतांच्या नमुन्यांचे क्रमांक आणि ते कुठे ठेवलेत, त्या माळावर कोणते वाडे कधी येतात. मेंढपाळांची नावं आणि फोन नंबर या फाइलमध्ये नकोत. ते त्यांना विचारूनच पुढच्या विद्यार्थ्याला द्या, शक्यतो त्याला सोबत नेऊन. फाइलची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात, एक मार्गदर्शकांकडे. आणि निष्कर्षांचं एक पान, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीत आणि वाड्यावर द्या. ते दिवाळीच्या आत पोचवा, नंतर वाडा घाट उतरलेला असतो.